आधी हातपाय, मग मन

"मन लागून नाही राहिलं भाऊ." उलंगवाडी झाली, म्हणजे कापसाचा हंगाम संपला, की आपल्या विदर्भातल्या पानठेल्यांवर हे वाक्य फार ऐकू येतं. कापूस निघालेला असतो, तूर-हरभरा विकलेला असतो, चुकाऱ्याचे पैसे आले तसे गेलेले असतात. मृगाला अजून वेळ असतो. हातातलं काम आटतं आणि डोक्यातला हिशोब वाढत जातो.

समजा असा एक माणूस आहे. वय चाळीस-बेचाळीस, पाच एकर कोरडवाहू, एक बैलजोडी, घरी आई, बायको आणि शिकणारी दोन मुलं. पूर्वी तो उजाडायच्या आत गोठ्यात असायचा, सातला वावरात. एका वर्षी सोयाबीन पाण्यात गेलं, पुढल्या वर्षी कपाशीवर बोंडअळी. कृषी केंद्राची उधारी राहिली म्हणून त्यानं त्या रस्त्यानं जाणं सोडलं. त्याच रस्त्यावर मित्राचं घर होतं, तेही सुटलं. वावरात जायला उशीर होऊ लागला, मग एक दिवसाआड, मग बायकोच जाऊ लागली. रात्री मोबाइल, सकाळी नऊला उठणं, उठल्याबरोबर खर्रा, म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी.

कोणत्याही एका दिवशी काही मोठं घडलं नाही. एकेक काम सुटत गेलं, आणि कामाबरोबर त्यातून मिळणारं काहीतरी सुटलं: धुऱ्यावर (बांधावर) भेटणारा शेजारी, निंदण झालेल्या तासाकडे मागे वळून पाहताना वाटणारं समाधान, संध्याकाळची कडकडीत भूक, थकून लागलेली झोप. गाव त्याला आळशी म्हणू लागतं. घरचे म्हणतात, आधी मनाची तयारी कर. तोही तेच म्हणतो, की मन तयार झालं की सगळं सुरळीत करीन. गाडी अडते ती या "तयार झालं की" पाशी.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ पीटर लुइन्सोन यांनी १९७०च्या दशकात याच घसरणीवर काम केलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. रोजच्या कामातून आणि भेटीगाठीतून माणसाला लहान लहान समाधान मिळत असतं. ते कमी झालं की मन खचतं. मन खचलं की माणूस आणखी कमी करतो, आणखी कमी लोकांना भेटतो, आणि उरलंसुरलं समाधानही जातं. हे चक्र एकदा फिरू लागलं की मूळ कारण मिटल्यावरही ते आपोआप थांबेलच असं नाही. पुढल्या वर्षी पीक चांगलं आलं तरी आमचा हा माणूस नऊलाच उठत असतो, तो यामुळे.

मग चक्र तोडायचं कुठून, विचारांच्या बाजूनं की वागण्याच्या? १९९६ साली नील जेकबसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नैराश्याच्या सुमारे दीडशे रुग्णांवर हे तपासून पाहिलं. काहींना पूर्ण उपचार दिला, ज्यात मनात येणारे काळे विचार ओळखून तपासायला आणि बदलायला शिकवतात. काहींना त्या उपचाराचा फक्त एक तुकडा दिला: दिवसाची आखणी करा आणि टाळलेली कामं थोडी थोडी परत सुरू करा. तुकडा मिळालेली मंडळी पूर्ण उपचार मिळालेल्यांच्या मागे पडली नाहीत. याच तुकड्याची पुढे स्वतंत्र पद्धत झाली. तिला बिहेविअरल ॲक्टिव्हेशन म्हणतात. नाव अवघड आहे, काम सोपं: मन येण्याची वाट न पाहता हातपाय हलवायचे, मन मागून येतं. मोटरीत हवा धरली की आपण आधी वरून दोन बादल्या पाणी ओततो, तेव्हा कुठे ती विहिरीतलं पाणी ओढू लागते, त्यातलाच हा प्रकार.

हे सगळं परदेशी दवाखान्यांतलं म्हणाल, तर नाही. गोव्यात 'संगत' या संस्थेनं प्राथमिक आरोग्य केंद्रांत हीच पद्धत वापरली. समुपदेशन करणारे डॉक्टर नव्हते, त्या कामासाठी प्रशिक्षण दिलेली स्थानिक माणसं होती. सहा ते आठ भेटी. २०१६च्या अखेरीस 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर होते, नेहमीच्याच उपचारांवर असलेल्यांमध्ये हे प्रमाण ३९ टक्के होतं. आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प चालला. तिथेही गावपातळीवरच्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घराघरांत हा विषय बोलता केला. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. म्हणजे मदत मागायला लोक लाजतात हे खरं असलं, तरी दारापर्यंत आलेली मदत ते घेतातही.

(गाडगेबाबाही अमरावती जिल्ह्यातलेच. गावात आले की आधी खराटा हातात, कीर्तन रात्री. त्यांचा हेतू फार वेगळा होता, पण क्रम बघण्यासारखा आहे.)

सुरुवात कुठून करायची

पहिले तीन दिवस काहीही बदलू नका, फक्त लिहा. मुलाच्या जुन्या वहीचं कोरं पान पुरे. सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र: काय केलं, कोणाबरोबर होतो, आणि किती बरं वाटलं. बरं वाटणं आण्यांत लिहा. चार आणे, आठ आणे, बारा आणे. सोळा आणे लिहायची वेळ येणार नाही, हरकत नाही. तीन दिवसांनी पान पाहिलं की बहुतेकांना एक गोष्ट लक्षात येते. सगळाच दिवस सारखा वाईट नसतो. बैलांना पाणी पाजताना आठ आणे असतात, आणि दुपारी खाटेवर मोबाइल बघत पडलं की दोन आणे. आपण मात्र दोन आण्यांच्या कामाला आराम म्हणत असतो.

मग दोन गोष्टी निवडा. एक अशी, जी उरकली की "झालं बुवा" वाटतं. दुसरी अशी, जिच्यात माणसाची सोबत आहे. दोन्ही इतक्या लहान हव्यात की तुमच्या सर्वात वाईट दिवशीही जमतील. पाच एकर वखरायचं ठरवू नका, धुऱ्यापर्यंत जाऊन यायचं ठरवा. गेल्यावर हात आपोआप एखादं काम काढतील, नाही काढलं तरी चालणं झालं. सोबतीसाठी भजन मंडळाची वारी लावायची गरज नाही. टाळलेल्या मित्राच्या ओट्यावर पाच मिनिटं बसलात तरी खूप आहे. त्याला उधारीचं काही देणं नाही, फक्त त्याचं घर त्या रस्त्यावर आहे.

आता वेळेचा प्रश्न. शहरातली पुस्तकं सांगतात, पहाटे पाचला उठा, सहाला व्यायाम, सातला वाचन. गावातला दिवस घड्याळावर चालत नाही, एकामागून एक येणाऱ्या कामांवर चालतो. आणि ही आपली जमेची बाजू आहे. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञानं १९९९ साली मांडलेला मुद्दा असा, की "मी रोज चालीन" अशा नुसत्या निश्चयापेक्षा "अमुक झालं की तमुक करीन" असं ठरवलेलं जास्त पार पडतं. कारण आठवण ठेवायचं काम मग तुमच्याकडे राहत नाही, ते त्या अमुककडे जातं. ढोरं सोडली की धुऱ्याकडे. दूध डेअरीला घातलं की मित्राच्या ओट्यावर. रात्रीचं जेवण झालं की मोबाइल आतल्या खोलीत चार्जिंगला. सवय अडकवायची ही खुंटी अशी निवडा जी कोणत्याही दिवशी चुकत नाही. म्हणूनच गोठा सर्वात भरवशाचा. माणसाचा मूड कसाही असो, भुकेला बैल हंबरतोच.

सवय पडायला २१ दिवस लागतात असं मोबाइलवर सगळे सांगतात. ही गोष्ट १९६०च्या सुमारास एका अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या निरीक्षणावरून पसरली. शस्त्रक्रियेनंतर बदललेला चेहरा अंगवळणी पडायला रुग्णाला निदान एकवीस दिवस लागतात, असं त्यानं लिहिलं होतं. पुढे "निदान" गळालं आणि चेहऱ्याच्या जागी सवय आली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर केलेला अभ्यास जास्त कामाचा आहे. नवी गोष्ट विचार न करता आपोआप होऊ लागायला मधला आकडा निघाला ६६ दिवस, आणि पल्ला १८ पासून २५४ पर्यंत. पाणी पिण्यासारखी सोपी सवय लवकर लागते, व्यायामाची फार उशिरा. आपल्या हिशोबात सांगायचं तर पोळ्याला धरलेली सवय दिवाळी उलटता उलटता अंगात मुरते. त्या अभ्यासातला अजून एक निष्कर्ष मला आकड्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो: मधे एखादा दिवस चुकला तर सवयीवर फारसा परिणाम झाला नाही. आपण मात्र एक दिवस चुकला की "गेलं सगळं" म्हणून वही फेकून देतो.

जागल, रात्रीची लाईन आणि झोप

लवकर झोपा हा सल्ला विदर्भातल्या शेतकऱ्याला देणं म्हणजे चेष्टा आहे. हरभऱ्यात रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) शिरतात म्हणून जागलीला, रात्रभर वावर राखायला जावं लागतं. ओलिताच्या दिवसांत थ्री-फेज लाईन रात्री आली की रात्रीच पाणी द्यावं लागतं. हे टळणार नाही. म्हणून आधी शरीराचं गणित समजून घेतलेलं बरं.

शरीराचं आतलं घड्याळ मुख्यतः उजेडावर चालतं, त्यातही सकाळच्या. रात्री कधी झोपलात यापेक्षा सकाळी उजेड कधी पाहिलात आणि रोज साधारण एकाच वेळी उठता का, यावर ते स्वतःला लावून घेतं. जागल नसलेल्या दिवशी उठायची वेळ एकच ठेवा आणि उठल्यावर थोडा वेळ उघड्यावर काढा. जागलीनंतरची झोप दिवसभर तुकड्यातुकड्यांत काढू नका. एक वेळ ठरवा, खोलीत अंधार करा आणि एकदाच सलग झोपा. चहातल्या कॅफिनपैकी निम्मं पाच-सहा तासांनंतरही रक्तात असतं, तेव्हा जागलीचा शेवटचा चहा मध्यरात्रीच्या अलीकडे घेतला तर सकाळी डोळा लागतो. दारूनं झोप लवकर येते हे खरं, पण रात्रीचा दुसरा अर्धा भाग ती मोडून टाकते. पिऊन आठ तास पडलेला माणूस सकाळी शिणलेलाच उठतो.

खर्रा आणि दारू

खर्रा सोडण्यावर भाषणं भरपूर झाली आहेत. तो का सुटत नाही, ते पाहू. तंबाखूतलं निकोटिन रक्तातून सुमारे दोन तासांत निम्मं होतं, म्हणून दोन-अडीच तासांनी हात खर्र्याच्या पन्नीकडे जातो. खाल्ल्यावर "डोकं हलकं झालं" वाटतं. त्यातला मोठा भाग आधीच्या खर्र्यानं लावलेल्या तलफेची उतराई असतो. चांगली बातमी अशी, की तलफ लाटेसारखी येते आणि बहुतेक वेळा काही मिनिटांत ओसरते. तेवढी मिनिटं तोंड आणि हात गुंतवायचे: पाणी, बडीशेप, ओट्यावरून उठून दुसरीकडे जाणं. पन्नी खिशात ठेवली तर ही मिनिटं निभावत नाहीत. पहिल्या तीन-चार दिवसांत चिडचिड सर्वात जास्त, दोन ते चार आठवड्यांत ती बरीच उतरते. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे त्या दिवसांतली भांडणं कोणी मनावर घेणार नाही. १८००-११-२३५६ या सरकारी मोफत क्रमांकावर तंबाखू सोडायला मदत मिळते. आणि एक आजच करून पाहा. तुमची तीन बोटं उभी तोंडात जात नसतील तर ती सुपारीची करणी असू शकते. दंतवैद्याला दाखवा, "नंतर" करू नका.

दारूची गोष्ट वेगळी. रोज भरपूर पिणाऱ्यानं कोणाच्या शपथेवर एका दिवसात बंद करणं धोक्याचं असतं. काही तासांत हात थरथरतात, पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, दोन-चार दिवसांत भ्रम होऊन माणूस दगावूही शकतो. अशा वेळी लोक बाहेरचं झालं म्हणून मांत्रिकाकडे नेतात आणि नेमका मोलाचा वेळ जातो. जिल्हा रुग्णालयाच्या देखरेखीखाली औषधं घेत सोडली की हे टळतं. गडचिरोलीत २०१६ पासून चालू असलेल्या 'मुक्तिपथ' या अभियानानं गावागावांत दारू-तंबाखूवर काम केलंय. एकट्या माणसाच्या जिद्दीवर सगळं सोडण्यापेक्षा गावानं मिळून ठरवलेलं जास्त टिकतं, असं मला तरी वाटतं.

बाईचा दिवस

वरचं सगळं वाचून एखादी बाई म्हणेल, मला कुठे रिकामा वेळ आहे बिघडायला? बरोबर आहे. नवरा खाटेवर पडला तेव्हा त्याचं काम तिच्या अंगावर आलं. तिचा दिवस गच्च भरलेला, फक्त त्यात तिचं स्वतःचं काही नाही. निंदणाला जाणं, स्वयंपाक, सासूचं औषध, मुलांचे डबे, पुन्हा भांडी. कामं उरकतात पण "झालं" म्हणणारं कोणी नाही, स्वतःलाही म्हणायची सवड नाही. तेव्हा तिच्या बाबतीत नियम उलटा लावायचा. नवं काम वाढवायचं नाही. एक काम दुसऱ्याच्या हातात द्यायचं, मग ते मुलाच्या हातात का होईना, आणि मोकळ्या झालेल्या जागेत सोबतीची एक गोष्ट घालायची. बचत गटाच्या बैठकीला ती हप्ता भरायला जातेच, तिथे दहा मिनिटं जास्त बसायचं. माहेरी फोन ठरलेल्या दिवशी, चूल पेटवण्याआधी. वहीत आणे तिनंही लिहावेत. पुरुषाची वही आणि बाईची वही शेजारी ठेवून पाहिली तर घरात काही बोलणं आपोआप निघेल.

डोक्यातला हिशोब

२०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकात तामिळनाडूच्या ऊस शेतकऱ्यांवरचा एक अभ्यास आला. ५४ गावांतले ४६४ शेतकरी. त्याच माणसांची बुद्धीची चाचणी पीक निघण्याआधी, हात आखडता असताना घेतली आणि ऊस विकल्यावर पुन्हा घेतली. आधीच्या चाचणीत ते हळू होते आणि जास्त चुकले. माणूस तोच, फक्त पैशाच्या चिंतेनं डोक्यातली जागा अडवलेली. मे महिन्यात घेतलेले निर्णय आपल्याला नंतर मूर्खपणाचे का वाटतात, ते इथे कळतं.

म्हणून मोठे निर्णय शक्यतो चुकाऱ्याच्या दिवसांत घ्या. आणि देणी डोक्यात ठेवू नका, कागदावर उतरवा: सोसायटी किंवा बँकेचं पीक कर्ज, कृषी केंद्र, बायकोच्या नावावरचं गटाचं कर्ज, सावकार. कोणाचे किती, व्याज किती, कधी द्यायचे, आणि पुढचं पाऊल काय. अर्धवट कामांचा नुसता आराखडा लिहिला तरी ती मनात कमी घोळतात, असं प्रयोगांत दिसलं आहे. कागदावर सावकाराचं व्याज लिहाल तेव्हा कायदाही माहीत असू द्या. परवानाधारक सावकाराला शेतकऱ्याकडून तारणावर वर्षाला ९ आणि विनातारण १२ टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेता येत नाही. परवानाच नसेल तर तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे तक्रार करता येते. उधारीवाल्याला टाळण्यापेक्षा "दिवाळीनंतर एवढे देतो" एवढं सांगून आलात तरी तो रस्ता मोकळा होतो, आणि त्यावरचा मित्रही.

हे पुरत नसेल तेव्हा

दोन आठवडे सतत मन बसलेलं, झोप-भूक गेलेली, कशातच रस नाही, आपण ओझं झालोय असं वाटतंय, किंवा मरणाचे विचार येताहेत, तर हे वहीनं सुटणारं प्रकरण नाही. हा आजार आहे आणि त्यावर औषधं आहेत. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. आशाताईला सांगितलं तरी ती रस्ता दाखवते. घरच्यांनी एक करावं: फवारणीचं औषध घरात ठेवू नये, ठेवावंच लागलं तर कुलपात आणि किल्ली दुसऱ्याकडे. टोकाचा विचार अनेकदा थोड्या वेळाचा असतो, तेवढा वेळ मिळाला की माणूस वाचतो. आणि असा विचार येतो का, हे सरळ विचारावं. विचारल्यानं तो डोक्यात भरत नाही.

राहिला जून. पहिला पाऊस पडला की पेरणी, डवरणी, खतं, सगळं एकदम येतं आणि बसवलेली घडी हमखास मोडते. ते आधीच धरून चाला. मृगाच्या आठवडाभर आधी ठरवून टाका की पेरणीच्या दिवसांत एकच गोष्ट चालू राहील. माझं मत विचाराल तर ती मित्राच्या ओट्यावरची पाच मिनिटं असावी, कारण चालणं त्या दिवसांत तसंही भरपूर होतं. बाकीचं पोळ्यानंतर पुन्हा लावायचं.